उज्जयिनीचा पंचांगवाद आणि मुक्त संगणक-प्रणालीतील सभ्य संवाद

उज्जैन येथे क्षिप्रेच्या काठी, जयपूरनरेश सवाई जयसिंह यांनी अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा आजही उभी आहे. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी १९२३ साली तिचा जीर्णोद्धार करविला आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या विद्वान गणिताकडे तिचे अधीक्षकपद सोपविले. या वेधशाळेतील सम्राट यंत्रावर सूर्याच्या छायेवरून वेळ वाचता येते. मात्र ती वेळ मनगटावरील घड्याळाशी सहसा जुळत नाही. घड्याळ भारतीय प्रमाणवेळ दाखविते आणि ती ८२ अंश ३० कला पूर्व रेखावृत्तावरून ठरते. उज्जैन ७५ अंश ४६ कलांच्या आसपास आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सुमारे सत्तावीस मिनिटांचा फरक येथेच पडतो. त्यात सूर्याच्या वार्षिक गतीच्या असमानतेमुळे काही महिन्यांत पंधरा-सोळा मिनिटांपर्यंत भर पडते किंवा घट होते. यंत्र चुकलेले नसते, घड्याळही चुकलेले नसते. दोघांची मोजणीची सुरुवात निराळी असते, इतकेच.

अनेकांनी मिळून करावयाच्या कामात जे वाद उत्पन्न होतात त्यांतील पुष्कळसे वाद या जातीचे असतात. गेल्या तीन-चार दशकांत जगभर वाढलेल्या ‘मुक्त संगणक-प्रणाली’ या चळवळीत सभ्य संवादाचा प्रश्न फार तीव्रतेने पुढे आला. हा प्रश्न परका वाटला तरी मराठी समाजाला तो अपरिचित नाही. पंचांगशोधनाच्या निमित्ताने आपल्या पूर्वसूरींनी तो शंभरांहून अधिक वर्षे अनुभवला आहे, आणि त्या अनुभवात उज्जयिनीचा वाटा मोठा आहे.

मुक्त प्रणालीचे स्वरूप

संगणकाला काम सांगण्यासाठी जी आज्ञावली लिहावी लागते ती बहुतेक कंपन्या गुप्त ठेवतात. मुक्त प्रणालीत मूळ आज्ञावली सर्वांस खुली असते. कोणीही ती वाचावी, वापरावी, तीत दुरुस्ती करावी आणि ती दुरुस्ती इतरांस द्यावी, अशी परवानगी परवान्यातच लिहिलेली असते. फिनलंडमधील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ‘लिनक्स’ या प्रणालीच्या गाभ्याची घोषणा केली. आज अँड्रॉइड जातीच्या प्रत्येक मोबाईल फोनच्या पोटात हाच गाभा असतो. केरळ राज्यातील शाळांत संगणकशिक्षणासाठी मुक्त प्रणालीच वापरली जाते. शासकीय कामकाजात मुक्त प्रणालींस प्राधान्य द्यावे, असे धोरण केंद्र शासनाने २०१५ साली जाहीर केले. यास्तव गावातील तलाठी, शिक्षक किंवा मोबाईलवर बाजारभाव पाहणारा शेतकरी, सर्वांचाच या प्रणालींशी नकळत संबंध येतो.

लिनक्सच्या गाभ्याची नवी आवृत्ती साधारणतः नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि एकेका आवृत्तीला दीड-दोन हजार माणसांचा हातभार लागतो. त्यांतील कित्येक पगारी आहेत, कित्येक हौसेने काम करणारे आहेत. ते निरनिराळ्या देशांत राहतात, एकमेकांस बहुधा पाहिलेले नसते, आणि सारा व्यवहार लेखी असतो. समोरासमोर बोलताना चेहऱ्यावरून, आवाजावरून बोलण्यातील कठोरता सौम्य होते. लेखी शब्दाला ती सोय नाही. कचेरीत वरिष्ठ रागावला तरी कर्मचाऱ्याला दुसऱ्या दिवशी हजर व्हावे लागते. येथे तसे बंधन नाही. अपमान झालेला स्वयंसेवक तक्रार न करता निघून जातो, आणि त्याच्याबरोबर त्याने अर्धवट सोडलेल्या कामाचे ज्ञानही जाते. तो का गेला हे पुष्कळदा कोणास कळतही नाही. म्हणून अशा समुदायात बोलण्याची रीत हा शिष्टाचाराचा वरवरचा भाग ठरत नाही; काम चालते की थांबते, हे तिच्यावर अवलंबून असते.

बीजसंस्काराची परंपरा

भारतीय ज्योतिर्गणित हे एका अर्थी असेच मुक्त काम होते. सिद्धांतग्रंथ व करणग्रंथ यांत गणिताची रीत पूर्ण दिलेली असे. ज्यास ती येत असे त्याने पंचांग करावे. कालांतराने गणिताने काढलेला ग्रह आणि आकाशात दिसणारा ग्रह यांत अंतर पडू लागे. मग जुन्या रीतीला दुरुस्तीचे अंक जोडीत. त्याला बीजसंस्कार म्हणत. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० साली ‘ग्रहलाघव’ रचले तेव्हा कोणत्या ग्रहाचे गणित कोणत्या पक्षाच्या ग्रंथाशी जुळते हे वेधावरून पाहून निवड केली. कोणाचाही एक ग्रंथ सर्वस्वी ग्राह्य किंवा सर्वस्वी त्याज्य मानला नाही. सहाव्या शतकात उज्जयिनीच्या परिसरात होऊन गेलेल्या वराहमिहिराने तर ‘पंचसिद्धांतिका’ या ग्रंथात पाच निरनिराळे सिद्धांत एकत्र मांडले. त्यांपैकी रोमक व पौलिश यांचा संबंध परदेशी ज्ञानाशी होता. सूर्यसिद्धांत अधिक अचूक, असे आपले मत त्याने दिले. परंतु इतर चार सिद्धांतांचे गणितही वाचकापुढे ठेवले. त्यांतील काही सिद्धांतांची माहिती आज आपल्यास मिळते ती याच कारणाने.

याच परंपरेत उलट उदाहरणही आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ लिहिला. त्यात पूर्वसूरींच्या, विशेषतः आर्यभटाच्या, दोषांसाठी त्याने एक स्वतंत्र अध्यायच खर्ची घातला. त्यातील काही आक्षेप गणिताचे होते, परंतु भाषा बोचरी होती. लाकूड पोखरताना किड्याकडून योगायोगाने अक्षर उमटावे तसे आर्यभटाचे बरोबर आलेले उत्तर, अशा अर्थाचा शेरा त्याने मारला. पुढे ६६५ साली, म्हणजे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्याच ब्रह्मगुप्ताने ‘खंडखाद्यक’ हा करणग्रंथ रचला, आणि तो आर्यभटाच्या मताशी तुल्य फल देणारा होता! गणित वापरावयास सोपे व उपयुक्त होते. ज्याची निंदा केली त्याचीच रीत पत्करावी लागली. त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी अल्बेरूणीने भारताविषयी ग्रंथ लिहिला, त्यात ब्रह्मगुप्ताच्या विद्वत्तेचा गौरव आहेच, पण आर्यभटाविषयीच्या त्याच्या अनुदार भाषेबद्दल नापसंतीही आहे.

महाराष्ट्रातील पंचांगवाद

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात चालू असलेली पंचांगे मुख्यतः ग्रहलाघवावर आधारलेली होती आणि ग्रहणे व ग्रहांची स्थाने प्रत्यक्षाशी जुळेनाशी झाली होती. पुण्याचे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली युरोपीय गणिताच्या आधारे ग्रहसाधनाची कोष्टके मराठीत प्रसिद्ध केली, आणि आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने १८६५ साली नवे पंचांग सुरू झाले. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. येथून मोठा वाद पेटला.

वादाचे मूळ समजून घेण्यासारखे आहे. वसंतसंपात, म्हणजे दिवस व रात्र समान होतात त्या वेळचे सूर्याचे स्थान, ताऱ्यांच्या संदर्भात दर ७२ वर्षांस सुमारे एक अंश मागे सरकते. वर्ष संपातापासून मोजावे असे म्हणणारे ते सायनवादी. एखाद्या ताऱ्यापासून मोजावे असे म्हणणारे ते निरयनवादी. निरयनवाद्यांतही दोन पक्ष पडले. एकाने रेवतीचा विशिष्ट तारा आरंभबिंदू धरला, दुसऱ्याने चित्रा ताऱ्याच्या समोरचा बिंदू धरला. या दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. सूर्याला चार अंश जाण्यास सुमारे चार दिवस लागतात, म्हणून एका पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास आणि दुसऱ्यात १४ किंवा १५ जानेवारीस येते. एवढ्यानेच संपत नाही. ज्या चांद्रमासात संक्रांत येत नाही तो अधिकमास होय; संक्रांत चार दिवसांनी सरकली की काही वर्षी अधिकमासच बदलतो आणि दोन पंचांगांच्या दिवाळीत चक्क एक महिन्याचे अंतर पडते. टिळक पंचांग पाळणारी घरे व इतर पंचांगे पाळणारी घरे यांना हा अनुभव आजही अधूनमधून येतो. आरंभबिंदू कोणता घ्यावा याला आकाशात लिहिलेले उत्तर नाही. सम्राट यंत्र आणि घड्याळ यांच्यासारखाच हा भेद आहे.

तरीही या वादात दीर्घकाळ कडवटपणा राहिला. ग्वाल्हेरात नोकरीस असलेले विसाजी रघुनाथ लेले यांनी सायनपक्षाची बाजू घेऊन केरोपंतांशी वृत्तपत्रांतून वाद घातला, तोही टोपणनावाने. लेले यांचे गणित सरस होते आणि टोपणनाव घेण्याची त्या काळी रीतच होती. पण मुद्दा कोणाचा हे झाकले गेले की शब्दाला धार येते हे त्या काळच्या वाचकांनीही पाहिले असेल. पुढे बागलकोटचे शिक्षक वेंकटेश बापूजी केतकर, लोकमान्य टिळक अशा थोरामोठ्यांनी निरनिराळे पक्ष घेतले. १९०४ साली मुंबईस आणि १९२० साली सांगलीस परिषदा भरल्या. परिषदांनी विषय घरोघरी नेला. पक्ष मात्र एक झाले नाहीत.

या गदारोळात एका शिक्षकाचे काम वेगळे उठून दिसते. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे स्वतः सायनपक्षाचे. लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह त्यांनी सायन पंचांग सुरू केले होते. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी सर्व पक्षांची मते, ती मांडणाऱ्यांच्या युक्तिवादासह, दिली. ज्यांच्याशी त्यांचे पटत नव्हते त्या केरोपंतांच्या कार्याचे मोलही त्यांनी सांगितले; मग आपले मत कारणांसह मांडले. दीक्षित १८९८ साली, पंचेचाळिशीच्या आतच, निवर्तले. त्यांच्या ग्रंथाचे पुढे इंग्रजी व हिंदी भाषांतर झाले आणि विरोधी पक्षाच्या अभ्यासकांनाही तो संदर्भासाठी घ्यावा लागतो. त्या काळातील कितीतरी खरमरीत पत्रे मात्र वर्तमानपत्रांच्या जुन्या बाडांत पडून आहेत.

स्वातंत्र्यानंतर पंतप्रधान नेहरूंनी तीस निरनिराळ्या पंचांगांचा उल्लेख करून हा प्रश्न पुढे आणला. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने नोव्हेंबर १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली. सात सदस्यांत नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी, ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर आणि उज्जैनच्या माधव महाविद्यालयातील प्रा. आर. व्ही. वैद्य हे तिघे मराठी विद्वान होते. समितीने देशभरची पंचांगे मागवून तपासली व १९५५ साली अहवाल दिला. तिचे शहाणपण असे की, एकाच प्रश्नात गुंतलेले दोन प्रश्न तिने वेगळे केले. नागरी व्यवहारासाठी संपातावर आधारलेले शक वर्ष स्वीकारले गेले आणि २२ मार्च १९५७ पासून ते अमलात आले. धार्मिक गणनेसाठी चित्रापक्षाला अनुसरणारे अयनांश घेतले. दोन्ही बाजूंच्या म्हणण्याला जागा मिळाली, आणि ज्यांना आपले जुने पंचांगच पाळावयाचे होते त्यांच्यावर सक्ती झाली नाही. गणितासाठी जो मध्यबिंदू ठरला त्याचे रेखांश भारतीय प्रमाणवेळेचे, म्हणजे ८२ अंश ३० कला, आणि अक्षांश २३ अंश ११ कला, म्हणजे उज्जयिनीचे आहेत.

लिनक्स समुदायातील अनुभव

संगणकाच्या क्षेत्रात हीच गोष्ट अधिक वेगाने घडली. जानेवारी १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाऊम यांनी लिनक्सची रचनाच कालबाह्य आहे अशी जाहीर टीका केली. टोरवाल्ड्स तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्यांनी फार तिखट उत्तर दिले आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या उत्तराच्या सुराबद्दल दिलगिरी व्यक्त केली; तांत्रिक मत मात्र सोडले नाही. टॅनेनबाऊम यांनीही आपले मत सोडले नाही. पुढे २००४ साली, लिनक्स ही टॅनेनबाऊम यांच्याच प्रणालीची नक्कल आहे असा आरोप एका लेखकाने केला, तेव्हा ती नक्कल नाही अशी जाहीर साक्ष स्वतः टॅनेनबाऊम यांनी दिली. बारा वर्षांपूर्वीचा वाद व्यक्तिगत वैरापर्यंत गेला असता तर ही साक्ष मिळणे कठीण होते.

तथापि नंतरच्या काळात टोरवाल्ड्स यांची लेखणी पुष्कळ घसरली. चुकीची दुरुस्ती पाठविणाऱ्यांस त्यांनी जाहीरपणे अपशब्द वापरले आणि त्याचे समर्थनही केले. स्पष्टपणाशिवाय दर्जा टिकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे. सदोष आज्ञावली सौजन्यापोटी स्वीकारली तर त्याचा ताप लाखो वापरणाऱ्यांना होतो. परंतु ‘ही दुरुस्ती चूक आहे, कारण अमुक’ आणि ‘ती पाठविणारा मूर्ख आहे’ या दोन वाक्यांत पहिल्याने दर्जा राखला जातो. दुसऱ्याने त्यात काहीच भर पडत नाही. काही कर्तबगार सहकारी, त्यांत स्त्रियाही होत्या, या वागणुकीविषयी उघड बोलून बाहेर पडले. अखेरीस सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी माफी मागितली, काही आठवडे काम थांबविले, आणि त्याच वेळी लिनक्सच्या गाभ्यासाठी आचारसंहिता स्वीकारण्यात आली. त्या अवधीतही नवी आवृत्ती दुसऱ्या सहकाऱ्याच्या देखरेखीखाली वेळेवर निघाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘ग्नू’ या जुन्या प्रकल्पाने नियम व शिक्षा यांऐवजी सौहार्दपूर्ण संवादासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. नियमांची भीती घालावी की रीत समजावून सांगावी, याविषयी मतभेद आहेत. आचारसंहितेचाच उपयोग विरोधकास गप्प करण्यासाठी होईल, ही शंका अनेकांनी मांडली आणि ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. मात्र तक्रार ऐकणारे कोणीतरी नेमलेले असावे, एवढ्यापुरते आता बहुतेक मोठ्या प्रकल्पांचे एकमत दिसते.

लिहिताना ध्यानात घ्यावयाच्या गोष्टी

या समुदायांत मराठी तरुण व शिक्षक मोठ्या संख्येने येऊ लागले आहेत. कोणी प्रणालीचे मराठी भाषांतर करतो, कोणी देवनागरी टंकातील दोष कळवितो. त्यांच्यापुढे भाषेची एक खास अडचण असते. मराठीत तू, तुम्ही, आपण असे आदराचे तीन स्तर आहेत आणि ‘करावे’ या रूपात विनंती सहज मावते. इंग्रजीत तेच शब्दशः उतरविले की हुकूम केल्यासारखे वाटते. उलट, परदेशी सहकाऱ्याचे एका ओळीचे उत्तर आपल्यास तुसडे वाटते, आणि तो बिचारा केवळ घाईत असतो. म्हणून शंकेचा फायदा समोरच्यास द्यावा, अर्थ स्पष्ट नसेल तर आधी विचारावे, मग उत्तर द्यावे. राग आल्यास उत्तर लिहून रात्रभर तसेच ठेवावे, ही वडीलधाऱ्यांची जुनी रीत येथेही उपयोगी पडते.

दोष कळविताना ‘तुमची प्रणाली चालत नाही’ असे लिहून कोणाचेच भले होत नाही. कोणती आवृत्ती, कोणते यंत्र, कोणती कळ दाबली, काय व्हावयास हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे क्रमाने लिहावे. शाळेच्या संगणकावर जोडाक्षरे तुटून दिसत असतील तर कोणता शब्द तुटतो तो लिहून द्यावा, जमल्यास पडद्याचे छायाचित्र जोडावे. वेधशाळेतील नोंदवहीत निरीक्षकाने तारीख, वेळ, यंत्र व वाचन लिहावे तसेच हे आहे: दुसऱ्यास तोच वेध पुन्हा घेता आला पाहिजे. अशा पत्रात रागाला फारशी जागाच उरत नाही, आणि उत्तरही लवकर येते.

दुसऱ्याच्या कामावर आक्षेप घेताना त्याचे म्हणणे आधी त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडावे. दीक्षितांनी केले ते हेच. हेतूविषयी अनुमान करू नये. मराठी भाषांतरकारांत ‘फाइल’ला धारिका म्हणावे, संचिका म्हणावे की फाइलच ठेवावे, असा वाद होतो तेव्हा एका पक्षास इंग्रजाळलेला व दुसऱ्यास संस्कृताळलेला म्हटले जाते आणि मूळ मुद्दा, म्हणजे पडद्यावर तो शब्द वाचणाऱ्यास काय कळेल, हा बाजूला पडतो. हा मुद्दा सोडविण्यास वेधशाळा लागत नाही. गावच्या शाळेतील सातवीच्या दहा मुलांस आणि ग्रामपंचायतीच्या कारकुनास तीनही शब्द दाखवून कोणता शब्द पाहून ते योग्य जागी बोट ठेवतात हे पाहावे, आणि आलेली संख्या दोन्ही पक्षांस कळवावी.